पुढं अडथळा दिसल्यावर जहाजवाले काय करतात? (काल उसाच्या ट्रॉलीत घुसता घुसता वाचलो म्हणून विचारतोय)

पाचट_भाऊ (वाळवा तालुका)

मंडळी, काल रात्रीपासनं डोक्यातनं जाईना म्हणून इथं टाकतोय. सांगलीहून आष्ट्याकडं येत होतो, साडेदहा वाजले असतील, तुंग मागं पडलं होतं, रस्ता मोकळा आणि स्पीड पंच्याहत्तरच्या आसपास, खोटं कशाला बोलू. समोरनं एक ट्रक अप्पर मारत आला, मी डिप्पर दिला तरी त्यानं काय उतरवला नाही, तो शेजारनं गेला आणि दोन सेकंद डोळ्यापुढं नुसता काळोख. आणि त्या काळोखातनं एकदम वाढं लोंबताना दिसलं. उसाची डबल ट्रॉली, बंद पडलेली, अर्धी रस्त्यावर अर्धी साइडपट्टीवर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॅक्टर सोडवून नेलेला आणि माणूस कोण नाही. ब्रेक दाबला, स्टेअरिंग उजवीकडं ओढलं, नशीब समोरनं कोण नव्हतं. तोंड सुटलं, पण उजव्या लेनला आलोय म्हणून भीती वाटली आणि लगेच डावीकडं मारली तर मागचा डावा दरवाजा ट्रॉलीला घासला. आज सकाळी बघितलं तर दरवाज्याच्या फटीत पाचट अडकलेलं अजून.

आता प्रश्न असा, आमचा मावसभाऊ एकदा म्हणला होता की मोठं जहाज थांबायला तीन-चार किलोमीटर घेतं, ब्रेक नसतोच त्याला. मग ही लोकं अडथळा दिसल्यावर करतात काय? वळतात का थांबतात का नुसता भोंगा वाजवतात? आणि त्यातलं आपल्याला रस्त्यावर काय घेता येण्यासारखं आहे का? टाइमपास वाटत असेल तर वाटू दे, मला खरंच जाणून घ्यायचंय.

हिशोब_चुकता (कराड)

भावा, स्पीड कमी ठेव, विषय संपला. हंगाम चालू असताना आपल्या भागात रात्री पंच्याहत्तरनं जायचं म्हणजे स्वतःच्या हातानं पत्रिका छापून घेणं आहे. आणि जहाजाची बरोबरी आपल्याशी कशी होणार, त्यांना अख्खा समुद्र मोकळा, आपल्याला दोन लेन आणि त्यात म्हशी.

दर्यावर्दी_सांगलीकर

सुट्टीवर घरी आलोय, विश्रामबागला बसून हे वाचलं, म्हणून लिहितो, थोडं लांबेल. बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळसा असला सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर आहे, म्हणजे रात्री बारा ते चार आणि दुपारी बारा ते चार जहाज माझ्या ताब्यात.

आधी कराडच्या भाऊंना, अख्खा समुद्र मोकळा असतो हे खरं पण सगळ्यांना जायचं त्याच दोन-चार वाटांनी असतं. पावसाळा संपला की रात्री दोन वाजता मुंबईच्या बाहेर या, समोर मच्छीमार बोटींचे दिवे असे पसरलेले असतात की यात्रेला आल्यासारखं वाटतं, आणि कुणाचं जाळं कुठपर्यंत गेलंय ते देव जाणे. लाकडी बोट रडारवर नीट उमटत नाही, लाट आणि पाऊस असला तर त्या पांढऱ्या ठिपक्यांत हरवूनच जाते, म्हणून रडार कितीही भारी असलं तरी एक माणूस नुसता डोळ्यानं बघायला उभा असतो आणि नियमातच तसं लिहिलंय. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्याला लागलं. मोकळ्या समुद्राचं हे असं असतं.

आता मूळ प्रश्न. मावसभाऊ बरोबर बोलला. नवीन जहाजाची चाचणी घेतात त्यात आंतरराष्ट्रीय निकष असा आहे की पूर्ण वेगात जाताना इंजिन पूर्ण उलटं फिरवलं तर जहाज स्वतःच्या लांबीच्या १५ पटीत थांबलं पाहिजे. माझं जहाज २२५ मीटर लांब, म्हणजे जवळजवळ ३.४ किलोमीटर, आणि हे पास झालेल्याचं माप. पण सुकाणू पूर्ण टाकलं तर साडेचार लांब्यांत, म्हणजे किलोमीटरभर पुढं जाईपर्यंत, ते ९० अंशात वळलेलं असायला लागतं. म्हणून आमच्यात आधी सुकाणू आणि मग इंजिन. शिवाय इंजिन उलटं टाकलं की सुकाण्यावर येणारा पाण्याचा झोत बिघडतो आणि जहाज नीट वळतही नाही, थांबतही नाही, दोन्हीकडनं गेलं.

पण खरं सांगायचं तर वळणं हा शेवटचा भाग आहे, आमची सगळी नोकरी त्याच्या आधी होते. रडारवर १२ सागरी मैलांवर कोण दिसलं आणि दोघंही १५ नॉटनं, म्हणजे तासाला १५ सागरी मैलांनी, समोरासमोर येतोय तर भेट व्हायला २४ मिनिटं आहेत. त्या २४ मिनिटांत मी बघतो की हा माझ्या किती जवळनं जाणार. त्याचा सगळ्यात जुना आणि फुकटचा उपाय म्हणजे कंपासवर त्याचा कोन घ्यायचा, पाच मिनिटांनी परत घ्यायचा. कोन बदलतोय तर बहुतेक निघून जाईल, आणि कोन तोच आहे पण अंतर कमी होतंय तर धडक ठरलेली. पहिल्या जहाजावर कॅप्टननं मला खिडकीच्या चौकटीशी समोरचा दिवा जुळवून उभं केलं होतं, म्हणाले मान हलवायची नाही, जहाजाची दिशा बदलत नाही, दिवा चौकटीवरनं सरकला तर मला सांग. दहा मिनिटं झाली तरी दिवा तिथंच, गोंदानं चिकटवल्यासारखा, आणि मोठा होत चाललेला. पोटात गोळा आला होता माझ्या.

तुम्हाला रस्त्यावर घ्यायचं असेल तर हे घ्या. पाणंदीतनं मेन रोडला येताना किंवा चौकात आडवी येणारी मोटारसायकल काचेवर एकाच जागी दिसत असली तर ती हलत नाहीये असं वाटतं, आणि पुढच्या काचेच्या खांबाआड असली तर शेवटपर्यंत दिसतच नाही, कारण तुमच्या वेगानं तो खांब तिला झाकतच पुढं येतो. चौकात मान पुढं-मागं करून बघायचं ते एवढ्यासाठी.

नियमाचं बोलायचं तर १९७२ साली ठरलेले आणि १९७७ पासून लागू झालेले आंतरराष्ट्रीय नियम आहेत, सगळ्या देशांना तेच. समोरासमोर आलो तर दोघांनीही उजवीकडं वळायचं, म्हणजे आपल्या रस्त्याच्या बरोबर उलटं. आडवं येणारं जहाज माझ्या उजव्या हाताला असेल तर मी बाजूला व्हायचं आणि त्यानं आपली वाट सोडायची नाही. आणि वळायचं तर असं वळायचं की समोरच्याला कळलं पाहिजे. दोन अंश, परत तीन अंश असं चोरून चोरून वळणं नियमात चूक धरलंय. जहाजाच्या उजव्या कडेला हिरवा दिवा असतो आणि डाव्या कडेला लाल, म्हणून समोरासमोर असताना मी उजवीकडं वळलो की त्याला माझा हिरवा दिवा दिसायचा बंद होऊन नुसता लाल दिसला पाहिजे, म्हणजे त्याला समजतं की गडी हलला. वर एक छोटा भोंगा म्हणजे उजवीकडं वळतोय, दोन म्हणजे डावीकडं, तीन म्हणजे इंजिन उलटं टाकलंय, आणि पाच म्हणजे तुझं काय चाललंय मला कळेना.

हिशोब_चुकता (कराड)

हे पाच भोंग्यांचं आवडलं. आपल्याकडं ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो वळतोय, का पुढं ये म्हणतोय, का येऊ नको म्हणतोय, हे त्याच्या बायकोला तरी माहीत असतं का.

बरं मग टायटॅनिकचं काय, त्यांनी तर वळवलं होतं ना?

दर्यावर्दी_सांगलीकर

वळवलं होतं. १४ एप्रिल १९१२, रात्री ११:४०, वेग २२ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. बर्फ दिसल्यापासून धडकेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ मिळाला असा अंदाज आहे, आणि जहाज २६९ मीटरचं. काही मावतच नाही एवढ्यात. ड्यूटीवरचा ऑफिसर मर्डोक यानं हुकूम दिला सुकाणू पूर्ण स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडं, आणि जहाज वळलं डावीकडं. लोकांना वाटतं गोंधळ झाला, पण गोंधळ नव्हता. तेव्हा हुकूम जुन्या सुकाणूच्या दांड्याचा द्यायचे, दांडा उजवीकडं ढकलला की जहाज डावीकडं. आपल्याकडं ज्यानं ट्रॉली रिव्हर्स घेतलीय त्याला हे समजवायला लागत नाही.

मर्डोकची युक्ती अशी होती की आधी तोंड डावीकडं काढायचं आणि तोंड सुटलं की उलट उजवीकडं, म्हणजे बर्फाच्याच दिशेला सुकाणू टाकायचं. ऐकायला वेड्यासारखं वाटतं. पण जहाज मोटारीसारखं वळत नाही, ते पुढच्या तिसऱ्या भागातल्या एका बिंदूभोवती फिरतं आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. तोंड डावीकडं गेलं की बूड उजवीकडं, बर्फावर जाणार. म्हणून ते वाचवायला सुकाणू उलटं. माणूस उजव्या बाजूनं पाण्यात पडला तर आम्ही पहिलं सुकाणू उजवीकडंच टाकतो, मागचा पंखा त्याच्यापासून लांब जावा म्हणून.

पाचट_भाऊ

थांबा थांबा. म्हणजे मी तोंड सुटल्यावर ट्रॉलीच्या बाजूला डावीकडं मारली ती बरोबरच होती की! मग दरवाजा कसा घासला?

तात्या_स्टेअरिंगवाले (सातारा)

अरे बाबा ते जहाज, तुझी ती मोटार. एकोणतीस वर्षं एसटी चालवली, खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, सगळं तुडवलंय, आता रिटायर होऊन नातवंडं सांभाळतोय. मोटारीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतनं कापून येतात. तू डावीकडं मारलीस म्हणजे मागलं बूड डावीकडंच आत आलं, ट्रॉलीवर. तोंड सुटलं म्हणून गाडी सुटली असं नसतं, मागचं चाक अडथळ्याच्या पुढं गेल्याशिवाय परत घ्यायची नाही. डाव्या आरशात ट्रॉलीचं पुढचं टोक दिसलं पाहिजे, तेव्हा सुटलास.

एसटीत तर दोन्ही दुखणी. मधला भाग आत कापतो आणि मागच्या चाकाच्या मागं जो सात-आठ फूट डबा लोंबतो तो त्या पाहुण्याच्या जहाजासारखा बाहेर फेकतो. नवीन होतो तेव्हा एका गावात स्टँडातनं उजवीकडं काढली, पुढं बघत होतो, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यानं कांदाभज्याचा गाडा आडवा केला. तेल सांडलं, माणसाला काही झालं नाही हे नशीब. कंडक्टरनं बेल मारली ती तीनदा मारली, मला वाटलं कोण तरी उतरायचंय. त्या भजीवाल्याला पगारातनं पैसे दिले आणि पुढं कधी त्या स्टँडात गेलो की तो लांबनंच गाडा मागं घ्यायचा.

आता तुझ्या कालच्या गोष्टीचं. समोरच्यानं अप्पर मारला तर त्याच्या दिव्याकडं बघायचंच नाही, डावीकडची पांढरी पट्टी बघायची, पट्टी नसली तर साइडपट्टीची कड, आणि पाय आधीच ॲक्सिलरेटरवरनं काढायचा. दिवा शेजारनं गेल्यावर काढून उपयोग नाही. आणि वाढं दिसल्यावर तू वाढ्याकडं बघत राहिला असणार, माणूस जिकडं बघतो तिकडंच हात जातात, मोटारसायकलवाल्यांचं तर हेच होतं, खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्याकडंच बघतात आणि त्यातच जातात.

घाटात आमची एक शिकवण होती, काही झालं तर दरीच्या बाजूला चुकवायचं नाही. डोंगराला घासून गाडी फाटेल, पण माणसं राहतील. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्याला तर मी खाली उतरवून दोन लावीन, इंजिनचा लगाम सोडून नुसत्या ब्रेकवर आला की ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर कायद्यातलाच नियम आहे, पण पाळतंय कोण.

मास्तरीण_मिरज

फिजिक्स शिकवते, राहवलं नाही. ताशी ७५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ २१ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत रात्रीचा दीड सेकंद धरा, ३१ मीटर तिथंच गेले, तुम्ही काहीही केलेलं नसताना. कोरड्या चांगल्या रस्त्यावर चांगल्या टायरनं पुढं थांबायला अजून ३१. एकूण ६२ मीटर. आणि डिप्परवर न उजळणारी गडद वस्तू ४०-५० मीटरच्या आत आल्यावर नीट दिसते. म्हणजे काल तुमची गाडी तुमच्या दिव्याच्या पुढं पळत होती. हाच हिशोब ५० ला केला तर २१ आणि १४, म्हणजे ३५ मीटरमध्ये थांबता. वेग दीडपट झाला की नुसतं ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं, वर्गात हे सूत्र पोरांना पाठ असतं आणि गेटबाहेर गाडीला किक मारली की विसरतात.

आधी ब्रेक का आधी स्टेअरिंग, तर जहाजाचं उत्तर इथं सरळ उचलू नका. जहाजाला थांबण्यापेक्षा वळणं खूप स्वस्त पडतं. मोटारीत कमी वेगाला ब्रेकच स्वस्त, जास्त वेगाला वळायला अंतर थोडं कमी लागतं पण त्याची किंमत शेजारच्या लेनमध्ये कोण आहे त्यावर. गाडीला एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय, असेल तर ब्रेक जोरात दाबून धरून स्टेअरिंगही फिरवता येतं, पेडल थरथरतं म्हणून पाय उचलू नका. नसेल तर चाक लॉक झाल्यावर स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. तुमच्या गाडीत आहे का?

पाचट_भाऊ

आहे मॅडम, पेडल थरथरलं होतं, मला वाटलं काहीतरी तुटलं. तात्या, आरशाचं डोक्यात बसलं, आज दिवसभर गाडी काढताना मागचंच चाक आठवतंय.

ट्रॉलीवाला_गडी (पलूसजवळ)

सगळे ट्रॉलीवाल्यालाच शिव्या देणार हे माहीत होतं म्हणून गप्प होतो. माझ्या दोन ट्रॉल्या आहेत. रिफ्लेक्टर लावतो हो आम्ही, हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या गेटवर पट्ट्या पण चिकटवून देतात, पण मोळ्या भरताना आणि रिकामी करताना ऊस घासून महिन्यात ती पट्टी निघते, आणि राहिली तरी वाढं खाली लोंबून तिला झाकतं. मागच्या लाइटची वायर दोन ट्रॉल्यांच्या मधे कुठंतरी तुटतेच. रात्री ॲक्सल गेला तर ट्रॅक्टर सोडवून मेस्त्रीला आणायला जायलाच लागतं, मग मागं माणूस कोण ठेवणार, टोळी तर फडात झोपलेली. चूक आहे, नाही म्हणत नाही. आता मी पट्टी ट्रॉलीवर लावतच नाही, पोत्याचा तुकडा घेऊन त्यावर शिवलीय आणि भरून झाल्यावर वाढ्याच्या वरनं बांधतो. सुटली तर बांधता येते.

एकच विनंती, बंद गाडीच्या मागं लोकं फांद्या आणि दगड ठेवतात, गाडी निघाल्यावर फांद्या उडून जातात आणि दगड तिथंच राहतात. आमच्यातली निम्मी पोरं त्या दगडांवरच पडलीत.

दर्यावर्दी_सांगलीकर

पोत्याचं झकास आहे. बंद पडलेल्या गाडीवरनं आठवलं, मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरला डाली नावाच्या जहाजाची वीजच गेली, पुलाच्या खांबाकडं वाहत चाललेलं, नांगर टाकला तरी थांबलं नाही, पूल कोसळला आणि पुलावर रस्त्याचं काम करणारे ६ जण गेले. पण जहाजावरच्या पायलटनं, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्यानं, आधी कळवलं म्हणून पोलिसांनी दोन्ही बाजूंनी गाड्या अडवल्या, नाहीतर आकडा कुठं गेला असता. आपलं चुकवता येत नसेल तर निदान दुसऱ्याला सांगा, हा एक वेगळाच भाग आहे. पाचटभाऊ, तुम्ही वाचल्यावर थांबलात का हो तिथं?

पाचट_भाऊ

थांबलो पन्नास फुटांवर, पाय लटपटत होते. मग ट्रॉलीच्या मागं जरा लांब जाऊन मोबाइलचा टॉर्च हलवत उभा राहिलो, वीस मिनिटांनी ट्रॅक्टरवाला मेस्त्रीला घेऊन आला, टेपवर गाणी फुल. त्याला काय बोलायचं ते सगळं पाठ करून ठेवलं होतं, पण पोरगं विशीतलं, घाबरून हातच जोडायला लागलं. मग दोघांनी मिळून जॅक लावला.

तात्या_स्टेअरिंगवाले (सातारा)

चांगलं केलंस. सांगलीकर पाहुणं, एक विचारायचं राहिलं. तो भोंग्याचा हिशोब कळला, पण रात्री समोरचा ऐकतच नसला, भोंगा तिथवर पोचतच नसला, तर काय करता? तुमच्याकडं अप्पर-डिप्पर असतं का?

दर्यावर्दी_सांगलीकर

असतं की तात्या. हातात धरायचा मोठा दिवा असतो, त्याच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीवर, रोखून पाच वेळा भराभर मारायचा.

तात्या_स्टेअरिंगवाले (सातारा)

म्हणजे डिप्परच की रं.